‘पिऊन पडला असन’

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास मेडिकल चौकातून घरी निघालो होतो. पारा ४५ च्या वर, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. फुटपाथवर एक माणूस झोकांड्या खात चालला होता. बघता बघता तो खाली बसला आणि आडवा झाला. बाजूच्या गाडीवरून कुणीतरी म्हणाले, ‘‘पिऊन पडला असन बाप्पा.’’ मलाही तेच सोयीचे वाटले. सिग्नल सुटला, मीही सुटलो.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथल्या पानठेल्यावर थांबलो. ठेलेवाला म्हणाला, ‘‘पेला नव्हता जी तो. गोंदियाकडचा होता, भाऊ मेडिकलले भरती. ऑटोचे पैसे वाचवाले बर्डीवरून पायीच आला. रसवंतीवाल्या बाईनं अंगावर बरफाचं पाणी टाकलं अन् १०८ लावला.’’ पुढे काय झाले, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

निवृत्त विज्ञान शिक्षक असून हा उष्माघात असेल हे मला सुचले नाही, याची लाज वाटते. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की माणूस असंबद्ध बोलतो, पाय लटपटतात, भान हरपते. दारूतही हेच दिसते. आणि समजा प्यायलेलाच असला, तरी ऊन त्याला सूट देते थोडेच? दारूने तर शरीरातले पाणी आणखी लवकर आटते. अशा माणसाला सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे, अंग भिजवून वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचे नाही. रसवंतीवाल्या बाईने हे कुठल्या पुस्तकात वाचले नसेल.

माझे वय ६८. महिन्यातून एकदा तरी मोक्षधाम नाहीतर अंबाझरी घाटावर जाणे होतेच. तिथे शेडखाली बसून आम्ही सारे म्हणतो, ‘‘काय नेते जी माणूस सोबत!’’ आणि बाहेर पडलो की कूलरच्या ओढीने गाड्या काढतो. ओळखीच्या मेलेल्या माणसासाठी मी अर्धा दिवस देतो, त्या दुपारी मात्र माझ्याने दहा मिनिटे निघाली नाहीत. त्या दोघांतला फरक एवढाच की एकाचे नाव मला माहीत होते.

‘पोलिसांची झंझट नको’ हे कारणही आता चालण्यासारखे नाही. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलमच आले आहे. इथे तर अपघातही नव्हता.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आहे. आपण रोज शहराचे कमाल-किमान तापमान छापता. पाऊस येईपर्यंत त्याच चौकटीत एक ओळ वाढवाल काय: ‘रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर आधी सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, १०८ लावा. प्यायला होता का, ते डॉक्टर बघतील.’

— एक निवृत्त शिक्षक, मानेवाडा, नागपूर