भाव उतरवू नकोस

पलूस

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

जाहिरातीवर पैसे घालूनही तेल खपेना, म्हणून भाव उतरवू का, असं तू काल फोनवर विचारलंस. उतरवू नकोस. लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात. पेंडेचे थोडे सुटतात, पण बाटली, वीज, मजुरी आहेच. शिवाय लाकडी घाण्याचं तेल स्वस्त दिसलं की लोकांना आधी शंका येते, यात काय मिसळलंय? इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी हे रोज पाहतो.

तुझं गिऱ्हाईक कशाला बिचकतंय, ते आधी शोध. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचंच बघ. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली. किंमत निम्मी केली असती, तरी आपल्या जमिनीत विष कोण कालवून घेणार? माल चांगला होता, पण तो शिवारात चालताना दिसल्याशिवाय भीती जाणार नव्हती. पुढे 1910 साली कारखाना इकडे आला, आणि 1920 मध्ये त्यांच्या पुतण्यानं, शंकररावांनी, ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं. कारखान्याची माहिती लोकांच्या घरापर्यंत जाऊ लागली. विकून झालं की संबंध संपला, असं त्या माणसांनी मानलं नाही. मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं.

तुझ्या पुण्यातल्या गिऱ्हाइकाला रिफाइंडची सवय आहे. कढईत फेस आला, शेंगदाण्याचा वास आला, तळाशी साका दिसला, की त्याला वाटतं भेसळ आहे. दुसऱ्यांदा तो येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही. म्हणून बाटली हातात देतानाच हे तिन्ही सांग. आधी सांगितलं तर ती माहिती, नंतर सांगितलं तर सबब वाटते. रविवारी घाणा लोकांसमोर चालव. दाणे त्यांच्यादेखत तोलून घाल, ताजी पेंड हातावर दे.

इन्स्टाग्राम महिनाभर थांबलं तरी चालेल. त्याऐवजी एक वही कर. कोणी कधी किती तेल नेलं, घरात माणसं किती, बीपीचं कोणी आहे का, पुरी-भजी जास्त होतात का, सगळं लिही. चौघांच्या घरात बाटली किती दिवस पुरते हे दोन खेपांत कळतं. संपायच्या चार दिवस आधी फोन कर. नव्या दहा माणसांच्या मागे धावण्यापेक्षा जुनं एक घर रतिबाला लागणं मोलाचं आहे. उधारी मात्र ओळखीच्यांनाही नको. पैसे थकले की माणूस आपल्या दारावरून जायचं टाळतो, आणि गिऱ्हाईकही जातं.

अर्ध्या लिटरच्या बाटल्या काढ. अनोळखी तेलाचा पूर्ण लिटर घ्यायला लोक कचरतात. थोड्या इकडेही पाठव, मी दुकानात समोरच्या फळीवर ठेवतो. लेबलवर तेल काढल्याची तारीख मोठ्या अक्षरांत हवी. मागच्या बाटलीवरची तुझ्या आईला चष्मा लावूनही वाचता आली नाही.

तुझे,
बाबा