खर्जातला बी आणि एक फूल

काका, सप्रेम नमस्कार.

ट्यूनिंगचे पैसे मी त्याच दिवशी दिले होते, तेव्हा हिशेब मिटला असं तुम्ही धरून चालला असाल. तो मिटलेला नाही. हे पत्र चारचौघांत वाचलं जावं असं लिहितेय, कारण पियानो लावणारा माणूस हत्यारांची पेटी बंद करून निघून जातो आणि नंतर टाळ्या पडतात त्या वाजवणाऱ्याला.

तुम्ही आलात तेव्हा पियानो मी विकायला काढला होता, हे तुम्हाला बोलले नव्हते. वेगाचे एट्यूड, म्हणजे बोटांच्या सरावासाठीच्या रचना, हट्टाने रेटून उजव्या मनगटाची वाट लावून घेतली होती. सहा महिने सक्तीची विश्रांती झाली, पुन्हा बसले, तर बोटं जुन्या वेगाला येईनात. गिऱ्हाईक बघायला येणार, तेवढ्यापुरता तो सुरात असावा, इतकाच हेतू होता.

काम झाल्यावर तपासायला म्हणून कुणी एखादी दणदणीत चाल वाजवून बघतं. तुम्ही खर्जात बी हा सूर सप्तकजोडीने लावलात, सूर लांबवणारं पायाखालचं पॅडल दाबून धरलंत आणि अगदी वरच्या पट्ट्यांवर दोन्ही हातांनी एकेक सूर ठेवत गेलात. मध्ये इतके थांबत होतात की मला वाटलं, काहीतरी बिघडलंय.

"काय आहे हे?"

"पॅर्ट."

"कशाचा पार्ट?"

यावर तुम्ही जे हसलात! मग कळलं की आर्व्हो पॅर्ट हे एस्टोनियाचे संगीतकार, जन्म १९३५ चा, आणि ही रचना 'फ्यूर अलिना', १९७६ ची. ओळखीच्या घरातली एक मुलगी दूर देशी निघून गेली, तिच्यासाठी लिहिलेली. जेमतेम दोन पानं. नोटेशन बघून मी चाटच पडले: ताल लिहिलेला नाही, काळे ठिपके आहेत पण त्यांना दांड्या नाहीत, आणि प्रत्येक बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला तुकडा, एका पांढऱ्या, लांब सुरावर येऊन टेकतो. पहिल्या बारमध्ये नुसता खर्ज. पुढे बार एकेका सुराने वाढत जातात आणि तसेच एकेका सुराने आक्रसत येतात. वेग नाहीच. माझ्या मनगटाला झेपेल असं काहीतरी जगात होतं तर!

पण "हे सोपं आहे, हे वाजवा" एवढं सांगून तुम्ही गेला असतात, तर मी आठ दिवसांत कंटाळले असते. तुम्ही मला ऐकायला बसवलंत. मधल्या सीच्या शेजारचा डी शार्प आवाज न होऊ देता दाबून धरायला सांगितलात आणि खर्जातला बी ठणकन मारून लगेच सोडलात. बी थांबला आणि मी न वाजवलेला डी शार्प बारीक आवाजात गुणगुणत राहिला! मग डी धरायला लावलात. बी तसाच मारला, पण काही नाही. तार गप्प.

"तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तोच हा," तुम्ही म्हणालात. "पट्टीवरचा डी शार्प त्याहून किंचित चढा असतो, तरी ओळख पटते. आणि या माणसाने काय केलंय, बी मायनर घेतलाय. म्हणजे खर्ज आतून शुद्ध गंधार गातोय आणि बोटं कोमल गंधार वाजवताहेत."

काका, त्या रचनेत जी कळ जाणवते तिचं एक कारण मला त्या क्षणी कानाने कळलं. त्याआधी मी इतकी वर्षं नुसती पट्ट्या दाबत होते.

मग रीत समजावलीत. उजवा हात बी मायनरच्या सुरांतून फिरतो. डाव्याला मात्र तीनच सूर, बी, डी, एफ शार्प. आपल्या भाषेत सा, कोमल ग, प. उजव्याचा सूर जिथे असेल, त्याच्या खालचा यातला जवळचा सूर डाव्याने धरायचा. पॅर्ट यांनी या पद्धतीला 'टिंटिनाबुली' म्हटलं, घंटांच्या लॅटिन शब्दावरून. त्यांच्या पत्नी नोरा यांनी ती एका ओळीत बसवली: एक अधिक एक बरोबर एक, म्हणजे दोन हातांचे दोन सूर मिळून एकच.

तुमचा आवडता किस्सा तर मी आता सगळ्यांना सांगते. लहानपणी एस्टोनियातल्या राकवेरे गावी पॅर्ट यांच्या घरी जो पियानो होता त्याचं मधलं सप्तक खराब होतं, म्हणून पोरगा वरच्या आणि खालच्या टोकांवर खेळत बसायचा. "वेळेवर ट्यूनर आला असता तर?" असं विचारून तुम्ही स्वतःच खूश झाला होतात. पुढे ते रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करत होते. १९६८ साली 'क्रेडो' या ख्रिस्ती श्रद्धेवरच्या रचनेवरून सोव्हिएत अधिकाऱ्यांशी वाजलं आणि त्यानंतर काही वर्षं त्यांनी फारच थोडं लिहिलं, जुन्या चर्चमधलं, सगळ्यांनी एकच चाल गायची असं गायन अभ्यासत राहिले. त्या शांततेतून पहिल्यांदा बाहेर आली ती ही दोन पानं. माझे सहा महिने त्यापुढे काय! पण तुम्ही तशी तुलना केली नाहीत, याबद्दलही आभार.

पुढे मी पॅर्ट यांचीच 'आरिनुश्का बरी व्हावी म्हणून' ही १९७७ ची व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच कल्पनेची वेगवेगळी रूपं, बसवली. सहा छोटे तुकडे, पहिले तीन मायनरमध्ये, नंतरचे तीन मेजरमध्ये. चौथ्याला खिडकी उघडल्यासारखं वाटतं. त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या दोन सोनाटिनाही, म्हणजे छोट्या पियानो-रचना, आणल्या. त्या चटपटीत आहेत, हुशार आहेत, मला नाही भावल्या. आणि १९९९ च्या 'अलिना' या ध्वनिमुद्रणात अलेक्झांडर माल्टर 'फ्यूर अलिना' दोनदा वाजवतात, प्रत्येक वेळी दहा मिनिटांहून जास्त. सुंदर आहे, पण मला विचाराल तर तुमची ती अडीच-तीन मिनिटंच बरी.

आता त्या फुलाबद्दल. अकराव्या बारमध्ये डावा हात एकदाच नियम मोडतो. तीन सुरांपैकी एक घ्यायचा सोडून सी शार्प घेतो, आणि नोटेशनमध्ये त्या जागी एक फूल काढलेलं आहे. तिथेच पॅडल सोडायचं. सुरुवातीपासून तरंगत असलेला खर्ज तिथे विरतो, आणि मग कळतं की आपण इतका वेळ त्याच्या आधाराने उभे होतो. तुम्ही त्या फुलावर पेन्सिल टेकवून नुसतं "इथे" एवढंच म्हणाला होतात.

गिऱ्हाईक आलं होतं, दुसऱ्याच दिवशी. मी दाराशीच त्यांची माफी मागितली.

पावसाळ्यानंतर फेरी माराल तेव्हा खर्जातला बी जरा बघा, थोडा उतरलाय असं वाटतं. आणि त्या फुलावर मी पॅडल अजून उशिरा सोडते. जवळ बसून एकदा ऐकाल का?

तुमची,
विकायला काढलेल्या पियानोची मालकीण