सूचना : सीए इंटरचा अभ्यास, किती तास?

सभासदहो, अभ्यासिकेत सध्या एकच चर्चा आहे : "रोज बारा तास बसलं नाही तर निभावतं का?" म्हणून हे चार शब्द.

इंटरला, म्हणजे सीएच्या (चार्टर्ड अकाउंटंट) मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, सहा पेपर, दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपची सरासरी 50 टक्के. आमच्या अंदाजाने एका पेपरला सव्वाशे ते दीडशे तास लागतात. यात क्लासचे तास धरलेले नाहीत. आठ महिने हाताशी असतील आणि दोन्ही ग्रुप द्यायचे असतील, तर रोज साडेतीन-चार तास पुरतात. मात्र ते खरे हवेत. व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला, हा अभ्यास नव्हे.

तास सगळीकडे सारखे वाटू नका. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग आणि कॉस्टिंगची गणितं वही-पेनानेच सुटतात, त्यांना जास्त द्या. टॅक्सेशनच्या एकाच पेपरात आयकर आणि जीएसटी निम्मे-निम्मे असतात. जीएसटी शेवटच्या आठवड्यावर टाकणारे दर वेळी भेटतातच. ऑडिट रोज अर्धा तास, पण लिहून.

शेवटचे दीड महिने नवीन काही नको. उजळणी आणि तीन तास घड्याळ लावून पूर्ण पेपर. एखाद्या विषयात 60 मिळाले आणि ग्रुप राहिला, तरी त्या पेपरची सूट (तो पुन्हा द्यावा लागत नाही) पुढच्या तीन परीक्षांपर्यंत टिकते. झेपणाऱ्या पेपरवर जोर द्यायला हेही कारण आहे.

सराव पेपरसाठी रविवारी सकाळी मागची खोली मोकळी ठेवली आहे. फोन बाहेर कपाटात ठेवावेत.

— अभ्यासिका व्यवस्थापन