ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या) ताईंना, नागपुरातल्या काही घरांकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरातल्यांना असलेल्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या गोळ्यांनी बहुतेकांच्या कानातले आवाज कमी होतात किंवा थांबतात, संशय ओसरतो. पण लक्ष न टिकणं, ऐकलेलं निसटणं, उत्तर सुचायला वेळ लागणं यावर त्यांचा फारसा असर होत नाही. हा त्रास बहुधा भास सुरू व्हायच्या आधीपासूनच असतो. हे तुम्ही न कंटाळता समजावलंत, म्हणून 'बरा झाला, आता आळस करतो' हे बोलणं आमच्या घरांतून गेलं. त्याचे आभार सगळ्यात आधी.

मग ती चहाची रीत. 'चहा मांड' म्हटलं की आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात आठ कामं असतात. कपभर पाणी मोजणं, गॅस लावणं, साखर, पत्ती, दूध, उकळी येईपर्यंत तिथंच थांबणं, गॅस बंद करणं, गाळणं. 'करून बघ, चुकलं तर शिकशील' इथं चालत नाही, कारण हात चुकीचंही शिकतो आणि ते चूक होतं एवढंच आठवत नाही. म्हणून चुकण्याआधीच पुढची पायरी सांगायची. एक पायरी पक्की झाली की तिथली मदत काढायची. पायऱ्यांचा कागद फ्रिजवर नको, ओट्यापाशी नजरेसमोर हवा. काही आठवड्यांनी त्याचा रंग किंवा जागा बदलायची, नाहीतर नजर सरावते आणि कागद दिसेनासा होतो.

तुम्ही दाखवलेला दोन स्वभावांतला एक फरक फारच उपयोगी पडला. जो उठून सुरुवातच करत नाही, त्याला गजर आणि ठळक चिठ्ठी द्यायची. जो समोर दिसेल ते उचलतो, त्याच्यासमोरून वस्तू कमी करायच्या. कपाटात फक्त आजचे कपडे ठेवले की मे महिन्यात स्वेटर अंगावर येत नाही, आणि नागपूरच्या उन्हात ते फार महत्त्वाचं.

लक्ष आणि स्मरण वाढवायच्या कॉम्प्युटरवरच्या खेळांत गुण वाढले म्हणजे काम जमलं असं नाही, हेही तुमचंच सांगणं. त्या सरावाला जोडून गल्लीतल्या किराण्यातून चिठ्ठीवरच्या दोन वस्तू आणायच्या. बर्डीच्या मोठ्या बाजारातली गर्दी पुष्कळ नंतर.

आणि एक. आजाराच्या गोळ्यांमुळे होणाऱ्या हातापायांच्या थरथरीसाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीनं स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. ती गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण 'अजून लागते का?' हे डॉक्टरांना दर भेटीत विचारायचं. हा प्रश्न विचारायचं धैर्य तुम्ही दिलंत, ताई. मनापासून आभार.

तुमचे,
काही आईवडील आणि भावंडं, नागपूर