भांडण कशावरून लागले, हेही सांगायला हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य देशांतील नास्तिकांची चळवळ, विशेषतः इंटरनेटवर बहरलेली तिची शाखा, गेल्या दीड दशकात कशी विस्कटत गेली हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातील घटनाक्रम बव्हंशी बरोबर आहे. मात्र ‘स्त्रीवादाचा आग्रह धरणाऱ्यांनी चळवळीत फूट पाडली’ हा लेखकाचा निष्कर्ष त्याच घटनाक्रमाशी विसंगत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

जून 2011 मध्ये डब्लिन येथे जागतिक नास्तिक परिषद भरली होती. या वर्तुळात वावरताना स्त्रियांना कोणती वागणूक मिळते, याबद्दल अमेरिकी लेखिका रेबेका वॉटसन तेथे बोलल्या होत्या. पुढे पहाटे चारच्या सुमारास, आपण थकलो असून आता झोपायला जात आहोत असे सांगून त्या हॉटेलच्या बारमधून उठल्या, तेव्हा एक पुरुष त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरला आणि ‘गैरसमज करून घेऊ नका’ अशी प्रस्तावना करून त्याने त्यांना कॉफीसाठी आपल्या खोलीत बोलावले. नंतर एका व्हिडिओत, इतर गोष्टी सांगता सांगता, त्या गृहस्थाचे नावही न घेता वॉटसन यांनी पुरुषांना एवढेच सुचवले की, असे करत जाऊ नका. त्यांनी ना कोणावर कारवाईची मागणी केली, ना कोणाला चळवळीतून हाकलण्याची. तरीही त्यानंतर त्यांच्यावर शिव्यांचा आणि बलात्काराच्या धमक्यांचा जो मारा सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षे थांबला नाही. फूट कोणी पाडली असे विचारायचे असेल, तर उत्तर या क्रमातच आहे.

आगीत तेल ओतले ते चळवळीतील सर्वांत वजनदार व्यक्तीने. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ व लेखक रिचर्ड डॉकिन्स यांनी एका काल्पनिक मुस्लिम स्त्रीला उद्देशून उपरोधिक मजकूर लिहिला. तुझे हाल ते काय, बिचाऱ्या अमेरिकी भगिनींना लिफ्टमध्ये कॉफीचे आमंत्रण सोसावे लागते, असा त्याचा आशय होता. हा युक्तिवाद त्यांच्या चळवळीच्याच कार्याला लावून पाहावा. धर्मत्यागाला देहदंड देणारे देश जगात असताना, अमेरिकी नोटांवरच्या ‘देवावर आमचा विश्वास आहे’ या ओळीविरुद्ध न्यायालयात जाणे हे चोचलेच ठरेल. तसे मात्र या मंडळींपैकी कोणी म्हटल्याचे आठवत नाही. आपला तो बाब्या! डॉकिन्स यांनी ऑगस्ट 2014 मध्ये या तुलनेबद्दल दिलगिरी व्यक्त केली, याची नोंद लेखात हवी होती. पण तोपर्यंत तीन वर्षे त्यांच्या शब्दांचा आधार घेऊन इतरांनी काय काय केले, याचीही हवी होती.

माझ्या मते खरे दुखणे वेगळेच आहे. आमच्यात पोप नाही, पुरोहित नाही, असे ही चळवळ अभिमानाने सांगत आली. तिच्यात पुरोहित नव्हते हे खरे, पण नामवंत होते. परिषदांची गर्दी त्यांच्या नावावर जमे आणि देणग्याही त्याच नावावर येत, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार कोणाकडे करायची याची सोयच नव्हती. कोणत्या वक्त्यापासून जपून राहायचे, हे स्त्रिया एकमेकींना कानात सांगत. मे 2012 मध्ये वॉशिंग्टनजवळ झालेल्या स्त्रिया आणि धर्मनिरपेक्षता या विषयावरील परिषदेत ही कुजबुज प्रथमच व्यासपीठावरून उघड झाली. त्यानंतर अनेक परिषदांनी छळविरोधी आचारसंहिता लिहून काढल्या. लास वेगास येथील संशयवाद्यांच्या वार्षिक संमेलनाच्या प्रमुखांनी मात्र स्त्रियांची नोंदणी घटल्याचे खापर छळावर न फोडता छळाच्या चर्चेवर फोडले! ज्या चळवळीने कॅथलिक चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या झाकपाकीवर कठोर टीका केली, तिच्या कारभाऱ्यांनी असे बोलावे याचे आश्चर्य वाटते.

ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकी ब्लॉगलेखिका जेन मॅक्रेट यांनी ‘एथिइझम प्लस’ ही कल्पना मांडली. नास्तिकतेच्या जोडीला लिंगभेद आणि वंशभेद यांनाही विरोध करावा, एवढीच ती कल्पना होती. तिच्या काही समर्थकांनी ‘आमच्याबरोबर नसाल तर शत्रू’ अशी भाषा वापरली, हा लेखकाचा आक्षेप रास्त आहे आणि त्या भाषेचा तोटाही पुष्कळ झाला. परंतु मॅक्रेट यांना अवघ्या काही आठवड्यांत छळाला कंटाळून लेखन थांबवावे लागले, हे लेखात एका ओळीनेही आलेले नाही.

स्त्रियांना चिकित्सेचे वावडे असते, हा समज तर किती खोलवर रुजला आहे! सप्टेंबर 2014 मध्ये या चळवळीतील नामवंत अमेरिकी लेखक सॅम हॅरिस यांनी आपल्या श्रोत्यांत स्त्रिया कमी का, याचे कारण देताना आपल्या टीकात्मक पवित्र्यात इस्ट्रोजेनचा, म्हणजे स्त्रियांतील हार्मोनचा, भाव नाही अशा अर्थाचे उद्गार काढले. प्यू संशोधन केंद्राच्या 2014 च्या पाहणीत स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या अमेरिकी प्रौढांत पुरुष 68 टक्के आढळले, हे खरेच. पण अर्नेस्टीन रोझ यांनी 1861 मध्ये बॉस्टनमध्ये नास्तिकतेच्या समर्थनार्थ जाहीर व्याख्यान दिले होते, ‘अमेरिकन एथिइस्ट्स’ संघटना 1963 मध्ये मॅडलिन मरे ओ’हेर यांनी स्थापन केली आणि ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’ 1976 मध्ये ॲन निकोल गेलर व त्यांच्या कन्येच्या पुढाकाराने उभे राहिले. हार्मोनची अडचण या चौघींपैकी कोणालाच जाणवलेली दिसत नाही.

शेवटचा मुद्दा. लेखकाने 2011 चे प्रकरण आणि डिसेंबर 2024 चा वाद एकाच परिच्छेदात, एकाच भांडणाचे दोन अंक म्हणून मांडले आहेत. 2024 मध्ये याच फाउंडेशनने जीवशास्त्रज्ञ जेरी कॉइन यांचा लिंगाच्या जीवशास्त्रीय व्याख्येवरील लेख प्रसिद्ध करून लगेच मागे घेतला, तेव्हा कॉइन, मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर आणि डॉकिन्स यांनी मानद मंडळाचे राजीनामे दिले. लेख मागे घेणे योग्य होते की नाही यावर दोन्ही बाजूंना बोलता येते, आणि ते बोलतही आहेत. तो मतभेद आहे. एका स्त्रीला वर्षानुवर्षे धमक्या देणे हा मतभेद नव्हे, आणि लेखाच्या पुढच्या भागात तरी या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या जाव्यात, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक