‘आपोआप’ काय घडते आणि काय घडत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरात कुंडीत वाढवल्या जाणाऱ्या ‘ऑटोफ्लॉवर’ (आपोआप फुलणाऱ्या) गांजाविषयी एक लेख नुकताच प्रसिद्ध झाला. लेखाची भाषा ओघवती आहे आणि विषय टाळण्याऐवजी त्यावर लिहिले गेले, हेही मला आवडले. तथापि, त्यातील तीन विधाने चुकीची आहेत आणि ती तशीच राहिली तर एखाद्या वाचकाला ती महागात पडू शकतील. ही जात प्रयोगशाळेत जनुके बदलून तयार केली आहे, हे पहिले विधान. ती ‘ऑटो’ असल्यामुळे दिव्याखाली कुंडी ठेवली की पुढचे सगळे रोपच पाहून घेते, हे दुसरे. आणि ती ‘मूळ’ गांजाहून वेगळी असल्यामुळे कायद्याच्या कक्षेत येतेच असे नाही, हे तिसरे. मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे. या तिन्ही चुकांचा उगम ‘ऑटो’ या एका शब्दाच्या ढोबळ अर्थात आहे, असे मला वाटते, म्हणून त्या शब्दापासूनच सुरुवात करतो.

वनस्पतीला फुलोऱ्याची वेळ कशी कळते, या प्रश्नाचे पहिले ठाम उत्तर १९२० साली गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी कृषी खात्यातील दोन शास्त्रज्ञांनी दिले. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत राही आणि फुलावर येतच नसे. खत, पाणी, तापमान असे सगळे उपाय करून झाल्यावर त्यांनी दिवसाची लांबी कृत्रिमरीत्या कमी केली, तेव्हा मात्र ती फुलली. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. पुढच्या संशोधनात असेही दिसले की वनस्पती वास्तविक दिवस मोजत नसून अखंड रात्र मोजते, आणि त्या मोजणीत पानांमधील फायटोक्रोम या रंगद्रव्याचा मोठा वाटा असतो. शेवंती याच गटातली असल्यामुळे रात्री शेतात दिवे लावून तिचा बहर लांबवता येतो. गांजाचे बहुतेक प्रकारही याच गटात मोडतात. दिवस मोठा असेपर्यंत ते उंची, फांद्या आणि पाने वाढवतात आणि रात्र लांबली की फुलोऱ्यावर येतात. म्हणूनच बंद खोलीत त्यांना आधी रोज अठरा तास उजेड आणि नंतर बारा तास उजेड व बारा तास संपूर्ण अंधार असे वेळापत्रक द्यावे लागते. या अंधारात वारंवार कुणी दार उघडले किंवा दिव्याची फट राहिली, तर रोपाचा हिशेब चुकतो.

ऑटोफ्लॉवर रोप हा हिशेब मांडतच नाही. बी रुजल्यापासून साधारण तीन ते पाच आठवड्यांत, उजेड अठरा तास असो वा बारा तास, ते वयानुसार फुलू लागते. टोमॅटोसारख्या अनेक पिकांप्रमाणे ते दिवसनिरपेक्ष आहे. ‘ऑटो’ या शब्दाची व्याप्ती एवढीच असून ती फक्त फुलोरा सुरू होण्यापुरती आहे.

हा गुण माणसाने घडवलेला नाही. १९२४ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी व्होल्गा नदीच्या परिसरात पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला आणि मातीच्या ढिगाऱ्यांवर उगवणाऱ्या खुज्या, फारशा फांद्या नसलेल्या गांजाचे वर्णन केले आणि त्याला ‘रुडेरालिस’ हे नाव दिले. ढिगारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते घेतलेले आहे. लिनीयस यांनी १७५३ मध्ये ‘सटायव्हा’ आणि लामार्क यांनी १७८५ मध्ये ‘इंडिका’ ही नावे दिली होती, त्या मालिकेतले हे तिसरे नाव. या तिन्ही स्वतंत्र जाती मानाव्यात की एकाच जातीचे प्रकार, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी सारा गांजा एकाच जातीत घातला आणि मलाही ते अधिक पटते. पण रुडेरालिसला वयावर फुलण्याची गरज का पडली, हे समजायला हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तरेकडच्या त्या प्रदेशात उन्हाळा आखूड आणि त्यातले दिवस फार मोठे. रात्र पुरेशी लांब होण्याची वाट पाहणारे रोप सप्टेंबरात फुलेल आणि बी धरण्याआधीच दहिवरात करपेल. ज्या रोपांनी उजेडाकडे दुर्लक्ष करून लवकर फुलणे पत्करले, त्यांचेच बी पुढच्या वर्षी उगवले. प्रयोगशाळा म्हणायची तर ती ही, आणि तिचे प्रयोग शतकानुशतके चाललेले.

माणसाने पुढे केला तो साधा संकर. हा गुण बव्हंशी अप्रभावी जनुकासारखा वागतो. उजेडावर फुलणाऱ्या प्रकाराशी रुडेरालिसचा संकर केला तर पहिल्या पिढीत तो सहसा झाकला जातो आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातल्या एका रोपात पुन्हा दिसतो. शाळेत वाटाण्याचे उदाहरण शिकलेल्या कुणालाही हे प्रमाण ओळखीचे वाटेल. अशी रोपे निवडत, पुन्हा पुन्हा संकर करत या शतकाच्या सुरुवातीला ‘लोरायडर’ ही पहिली गाजलेली ऑटोफ्लॉवर जात बाजारात आली. ती ठेंगणी होती आणि तिची मादकताही बेताची होती. आजच्या जाती तशा राहिलेल्या नाहीत. त्यांतील टीएचसी या नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचे प्रमाण इतर प्रकारांच्या बरोबरीला आले आहे, त्यामुळे ‘ऑटो म्हणजे सौम्य’ ही लेखातली ओझरती टिप्पणीही आता जुनी झाली आहे.

आता दुसऱ्या विधानाकडे वळतो. मला ते सर्वांत दिशाभूल करणारे वाटते, कारण वस्तुस्थिती त्याच्या नेमकी उलट आहे. उजेडावर फुलणारे रोप चुका पोटात घालते. मुळे गुदमरली, खत जास्त झाले, शेंडा मोडला, तरी दिवस लांब ठेवून त्याला आणखी दोन-तीन आठवडे वाढू देता येते आणि ते सावरल्यावर फुलोऱ्याकडे नेता येते. ऑटोफ्लॉवरला ही सवलत नाही. बीपासून पक्व फुलोऱ्यापर्यंत त्याचे सारे आयुष्य आठ ते बारा आठवड्यांचे. त्यातले दहा दिवस रोप आजारी राहिले तर ते परत मिळत नाहीत, कारण आतले घड्याळ आजारपणासाठी थांबत नाही. रोप हातभर राहते आणि तशा अवस्थेतच फुलते. म्हणूनच ज्या देशांत ही लागवड कायदेशीर आहे, तेथील अनुभवी मंडळी ऑटोफ्लॉवरचे बी शक्यतो अखेरपर्यंत जिथे राहणार त्याच कुंडीत लावतात, पुनर्लागण टाळतात, खत हात राखून देतात आणि शेंडा खुडण्यापूर्वी दोनदा विचार करतात. छाट कलम करून रोप जपून ठेवण्याची सोयही इथे निरुपयोगी ठरते. कलमाला मूळ रोपाचे वय चिकटून येते आणि दोन पेरांची काडी लगेच फुलू पाहते. नवशिक्यांसाठी सोपे म्हणून जे विकले जाते, ते वेळापत्रकाच्या बाबतीत सोपे आणि बाकी बहुतेक बाबतींत कडक आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

‘दिव्याखाली कुंडी ठेवावी’ हे वाक्य वाचताना जितके सोपे वाटते तितके ते नाही. आपला डोळा मंद उजेडाशी पटकन जुळवून घेतो, म्हणून आपल्याला खोली उजळ वाटते. रोपाला तशी सवय होत नाही. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक) उपयुक्त प्रकाशकण पडतात. खिडकीपासून काही फूट आत त्याचा अगदी लहान अंश उरतो आणि तिथे रोप लांबट, पांढुरक्या देठांचे, लुळे होते. त्यामुळे चांगल्या एलईडी दिव्यावाचून घरातली लागवड होत नाही. शंभर वॅटचा एक दिवा रोज अठरा तास, असे पंचाहत्तर दिवस चालला तर १३५ युनिट वीज लागते, आणि त्यात पंखे किंवा आर्द्रता कमी करणारे यंत्र धरलेले नाही. उजेडावर फुलणाऱ्या प्रकाराला निम्मा काळ बारा तासच दिवा लागतो. ऑटोफ्लॉवर मात्र शेवटपर्यंत अठरा तासांवरच ठेवण्याची प्रथा आहे, ही गोष्ट त्याच्या जलदपणाची स्तुती करताना सहसा निसटते. मोठ्या प्रमाणावर याचा अर्थ काय होतो, हे २०१२ मधील एका अभ्यासाने दाखवले: अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का त्या वेळी बंदिस्त जागेतल्या गांजावर खर्च होत होता. २०२१ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेला हिशेब सांगतो की अशा जागेत एक किलो वाळलेला फुलोरा तयार होताना, ठिकाणानुसार, २२८३ ते ५१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. जे रोप मुळात ढिगाऱ्यावर फुकटच्या उन्हात वाढत होते, त्याच्या नावावर हा आकडा चढावा, हे मला काहीसे खेदजनक वाटते.

दमट, कोंदट खोलीत दाट फुलोऱ्याच्या आत बोट्रायटिस ही राखी बुरशी शिरते. ती बाहेरून दिसेपर्यंत आतला भाग कुजलेला असतो. पानांवर भुरी आणि लाल कोळी येतात, आणि खाण्या-ओढण्याच्या वस्तूवर कीटकनाशक फवारणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको. फुलोऱ्याच्या आठवड्यांत मर्सीन, लिमोनीन अशा टर्पीनांचा जो उग्र वास सुटतो, तो कार्बनच्या गाळणीशिवाय शेजाऱ्यांपासून लपत नाही. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. कच्च्या फुलोऱ्यात बहुतांश आम्ल स्वरूपातले टीएचसीए असते आणि उष्णतेने त्याचे टीएचसी होते; त्यामुळे शिजवून किंवा भाजून केलेला पदार्थ मुलाच्या हाती लागणे हे कच्चे पान लागण्यापेक्षा फार वाईट. कुत्रे टीएचसीला विशेष संवेदनशील असतात आणि त्यांचा तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. लेखात यातले काहीच नव्हते.

तिसरे विधान कायद्याचे. इथे मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल, कारण लेखावर विसंबून कुणी बी मागवले तर त्याचे परिणाम लेखकाला भोगावे लागणार नाहीत. भारताच्या १९८५ च्या अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात ‘कॅनाबिस वनस्पती’ म्हणजे कॅनाबिस या प्रजातीतील (जीनस) कोणतीही वनस्पती, अशी व्याख्या आहे. सटायव्हा, इंडिका, रुडेरालिस हा भेद कायद्याला दिसतच नाही. पाने आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळल्या आहेत, हे खरे, पण ही सूट वेगळ्या झालेल्या पाना-बियांना आहे, कुंडीत उभ्या असलेल्या रोपाला नाही. परवान्याशिवाय लागवड करणे हा कलम २० अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंडाची तरतूद आहे. ‘कमी मात्रा’ असेल तर शिक्षा कमी, हा नियम बाळगण्यासारख्या गुन्ह्यांना लागू होतो. लागवडीच्या उपकलमात अशी पायरी नाही. ‘एकच कुंडी होती’ हा युक्तिवाद त्यामुळे फार दूर नेत नाही.

जिथे परवानगी आहे तिथेही ती मोजून दिलेली आहे. उरुग्वेने २०१३ च्या कायद्याने दर घरी सहा रोपे, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून दर घरी चार, माल्टाने २०२१ मध्ये चार आणि जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून दर प्रौढामागे तीन रोपे अशी मर्यादा घातली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीवर बंदीच ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. रोपांची संख्या मोजणारे हे कायदे ऑटोफ्लॉवरच्या बाबतीत थोडे अवघडतात, असे मला वाटते. एका वेळी तीनच रोपे ठेवणारा माणूस अडीच महिन्यांचे हे रोप वर्षातून चार वेळा घेऊ शकतो, तर उजेडावर फुलणारे एकच रोप पुरेसा काळ वाढू दिले तर ऑटोफ्लॉवरच्या अनेक रोपांइतके उत्पन्न देते. कायदा रोपे मोजतो, वेळ मोजत नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा की नाही, हा चर्चेचा विषय होऊ शकला असता आणि आपल्या पुरवणीला तो शोभलाही असता.

या तीन विधानांची, निदान कायद्याविषयीच्या विधानाची तरी, दुरुस्ती मूळ लेखाला मिळाली तेवढीच जागा देऊन छापावी, अशी विनंती आहे. दुरुस्ती छापताना सोबतचे छायाचित्रही बदलावे. त्यातली पाने हाताच्या पंजासारखी दिसत असली तरी गांजाच्या पानाप्रमाणे देठाच्या टोकाशी एकत्र आलेल्या सुट्या पर्णिका त्यांत नाहीत. ते एकच, खोल कातरलेले पान आहे. शिवाय उजव्या कोपऱ्यात गडद जांभळ्या मध्याचे मोठे पिवळे फूल आहे. वाऱ्याने परागण होणाऱ्या गांजाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. ते छायाचित्र अंबाडीचे आहे.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक