बाबा, गोळ्या मध्येच सोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले, "तोंड कडू पडतं, पोटही आता दुखत नाही. मग गोळ्या कशाला?" तेव्हा बोलता आलं नाही म्हणून लिहिते: त्या गोळ्या तुमच्या जठरातला जंतू मारायला आहेत.

बाबा, तात्याकाका जठराच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून तुम्ही 'आपल्या रक्तातच आहे' असं धरून बसलात. जन्मतः आलेला दोष फार थोड्या घराण्यांत असतो. हा कॅन्सर होणाऱ्या बहुतेकांचे जनुक जन्मतः चांगले असतात, पुढे त्यांतले काही बिघडतात किंवा बंद पडतात. जनुकाच्या सुरुवातीला प्रमोटर असतो, पेशी तिथून वाचायला लागते. त्यावर मिथाइल नावाचे रासायनिक गट बसले की ओल लागून पोथीची पानं चिकटावीत तसं होतं. अक्षर एकही बदलत नाही, पण वाचता येत नाही. आणि बंद पडतात तेही कोणते! सीडीएच१ पेशींना एकमेकींशी धरून ठेवतो, एमएलएच१ डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करवतो.

तुमच्या तपासणीत निघालेला एच. पायलोरी जंतू वर्षानुवर्षं जठराच्या अस्तराला सूज आणतो आणि त्या सुजेतून मिथाइल बसत जातं. जपानी संशोधकांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात जंतू तसाच ठेवून फक्त सूज दाबली, तर मिथाइल बसणंही थांबलं. माणसात जंतू गेला की मिथाइलचं प्रमाण उतरतं. सगळं पुसलं जातंच असं नाही, म्हणून तर मला घाई आहे.

कोरियात आई-वडील किंवा भावंडांना हा कॅन्सर झालेल्या, म्हणजे अगदी तुमच्यासारख्या माणसांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे नऊ वर्षांत, ज्यांचा जंतू खरंच गेला त्यांच्यातल्या ०.८ टक्के लोकांना कॅन्सर झाला, ज्यांचा राहिला त्यांच्यातल्या २.९ टक्क्यांना. औषध अर्धवट सोडलं तर जंतू उरू शकतो आणि पुढे त्याच गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो.

तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करून किती गोळ्या चुकल्या ते सांगा आणि ते म्हणतील तसं करा. जेवणानंतर बडीशेप तोंडात धरा, कोर्स संपला की चव परत येते. त्यानंतर निदान महिन्याने, जंतू गेला का ते बघायला, श्वासाची चाचणी करायचीच. तिच्या आधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवावी लागते, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. आई, त्याच वेळी तुझीही चाचणी करून घे. पैसे मी पाठवते.

तुमची लेक